पहिलीच्या बाकावरचे नऊ दिवस

या वयात माणसानं कोणाबद्दल मनात काही ठेवू नये, असं मला सगळे सांगतात. सून सांगते. देवळाच्या पायरीवर दुपारी बसणाऱ्या बाया सांगतात. मी मान हलवते. तसं मी बऱ्याच जणांना सोडून दिलं आहे. दिरानं न विचारता आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा निंब तोडला, त्याला सोडलं. जावेनं माझ्या लग्नातलं पितळी घंगाळ वीस वर्षं वापरलं आणि परत देताना "हे तुमचं होतं का" म्हटलं, तिलाही सोडलं. एका बाईला मात्र सोडलं नाही आणि सोडायचा विचारही नाही. ती माझ्या नातीची चौथीची मॅडम. हे लिहून ठेवते आहे ते याचसाठी, की उद्या माझी आठवण गेली तरी राग जागेवर राहावा.

आमचं फुलांचं दुकान अमरावतीत देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दुकान म्हणजे काय, लाकडी पाट, वर ताडपत्री, पुढे फुलांच्या टोपल्या. वलगावकडे आमचं थोडं वावर आहे. तिथून मुलगा सकाळी मोटरसायकलवर शेवंती आणि झेंडू घेऊन येतो, सून आणि मी ओवतो. मी शाळेत एक दिवसही गेलेली नाही. वाचायला शिकले ती तिशी उलटल्यावर, आणि कोणी शिकवलं नाही. सासू रोज पोथी म्हणायची. ऐकून ऐकून ती मला पाठ झाली होती. सासू गेल्यावर एका दुपारी पोथी मांडीवर घेतली, तोंडानं म्हणत गेले आणि बोट अक्षरांवरून फिरवत गेले. तोंडाला माहीत होतं ते हळूहळू बोटाला कळायला लागलं. पुढे फुलं बांधायला रद्दी यायची, ती वाचू लागले, तिच्या कोऱ्या कडेवर गिरवून लिहूही लागले. अर्धी बातमी वाचून होईपर्यंत गिऱ्हाईक ओरडायचं, मग त्याच कागदात हार गुंडाळून द्यायचा. उरलेली बातमी गिऱ्हाईकाबरोबर निघून जायची. अशा कितीतरी चोऱ्या आणि निवडणुका माझ्या अर्ध्याच वाचून झाल्या आहेत.

हे आधी सांगितलं, कारण पुढची चूक इथूनच निघाली.

माझी नात, मुलाची एकुलती एक पोरगी. लहानपणापासून भारी हुशार. डोळे मिटून फुलाला बोट लावलं तर शेवंती कालची की आजची ते सांगायची. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी गाणी म्हणून झाल्या की खिरापत ओळखायचा खेळ असतो. डबा बंद, हलवून आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. आमची पोरगी दुसऱ्या खेपेला डबा हलवू द्यायची नाही. "मुरमुरे अन् वरून खोबरं," म्हणायची, आणि तेच निघायचं. गाणी तर तिला गल्लीतल्या मोठ्या बायांपेक्षा जास्त येत होती. अशा पोरीला अक्षरं येणार नाहीत, हे कोणाच्या मनात येईल?

पहिलीत ती पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसायची. म ला भ म्हणायची, ट, ठ, ढ यांची खिचडी करायची. मी म्हटलं, हिला मी शिकले तसंच शिकवू. धडा मी चारदा वाचायचा, तिनं ऐकायचा, मग तोंडानं म्हणत बोट फिरवायचं. चौथ्या वेळेला धडा तिला पाठ. बोट ओळीवरून असं सरसर जायचं की बघत राहावं. मी गिऱ्हाइकांना थांबवून दाखवायची. "वाचून दाखव वं मावशीले." ती वाचून दाखवायची आणि मावशी तिला पेढा देऊन जायची. असे पेढे आम्ही तीन वर्षं खाल्ले.

काही गोष्टी दिसत होत्या, पण मी त्यांना नाव दिलं नाही. फळ्यावरचं उतरवायला तिला मधली सुट्टी पुरायची नाही. सोमवारी पोट दुखायचं. एकदा फुलांच्या रिकाम्या पोत्यांखाली तिची वही सापडली. पानापानावर लाल रेघा होत्या. मी तिला म्हटलं, अक्षर नीट काढत जा. एवढंच म्हटलं.

चौथीला नवीन मॅडम आल्या. उंच, पदर नेहमी पिनेत, हस्ताक्षर मोत्यासारखं. ते हस्ताक्षर त्यांचा मोठा अभिमान होता, हे पुढे कळलं. शाळेत सकाळी परिपाठ असतो. सगळी शाळा मैदानात ओळीनं बसते, एक जण बातम्या वाचतो, एक सुविचार, एक गोष्ट. एका सकाळी मॅडमनी आमच्या पोरीला गोष्ट वाचायला उभं केलं. पुस्तकातलीच गोष्ट होती, घरी मी वाचून घेतलेली. तिनं पुस्तक समोर धरलं आणि धडाधडा सुरू केलं. एकही चूक नाही. फक्त पान उलटायचं विसरली.

दोन पानांची गोष्ट तिनं एकाच पानावर संपवली.

आधी मोठी पोरं हसली, मग सगळी शाळा. मॅडमनी दुसरं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाल्या, आता हे. पोरगी पुस्तक धरून उभी राहिली. पाच मिनिटं तिला तसंच उभं ठेवलं. मग मॅडमनी तिचा हात धरून पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं. सगळ्यात पुढच्या, गुडघे पोटाशी येतात अशा बाकावर. एक दिवस नाही, नऊ दिवस. रोज सकाळी आपल्या वर्गात हजेरी द्यायची, दप्तर उचलायचं आणि पहिलीत जाऊन बसायचं.

घरी तिनं एक शब्द सांगितला नाही. मला कळलं ते गिऱ्हाइकाकडून. एक बाई गजरा घ्यायला आली, तिची पोरगी पहिलीत. सहज बोलून गेली, "तुमची नात आमच्या पिंकीच्या बाजूले बसते ना जी, लय समजदार पोरगी हाय, लहान्या पोट्ट्यायले रडू नाई देत." मी विचारलं कुठं बसते, तेव्हा त्या बाईला कळलं की आपण काय बोलून बसलो. हातातली सुई माझ्या अंगठ्यात गेली होती, तेही मला नंतर दिसलं.

सून घाबरट. म्हणाली, भांडू नका, पोरीला आणखी त्रास होईल. मी दुकान तिच्यावर टाकून तशीच शाळेत गेले, पदराला पाकळ्या चिकटलेल्या. मॅडमनी मला खुर्ची दिली, हे खरं आहे, आणि चार वाक्यांत सगळं मिटवलं. पोरगी तीन वर्षं शाळेला फसवते आहे. पाठ करून वाचायचं सोंग करते. उद्यापासून चौथीत घेते, पण मागच्या कोपऱ्यात एकटी बसेल. वार्षिक परीक्षेपर्यंत वर्गासमोर वाचून दाखवलं नाही, तर दाखला काढून दुसऱ्या शाळेत घाला. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे. त्यावर त्या हसल्या. अगदी गोड हसल्या.

"हुशार असेल ना, आजी. हार ओवायला वाचता यावं लागत नाही."

हार गुंडाळायच्या कागदावर वाचत आलेल्या मला त्या हे म्हणाल्या. मी उठले. मनात दोन गोष्टी ठरवल्या. पोरगी तिच्याच शाळेत, तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसेल. आणि ज्या बाईनं तिला तिथून उठवलं, ती सगळ्यांसमोर मान खाली घालेल. पहिली गोष्ट पोरीसाठी होती. दुसरी माझ्यासाठी, यात मी खोटं बोलणार नाही.

दुसरी गोष्ट आधी हाताशी आली. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पाहुण्यांच्या हारांची ऑर्डर दरवर्षी आमच्याकडेच यायची. सूत्रसंचालन मॅडमकडे, पाहुण्यांच्या गळ्यात हार घालण्याचा मानही त्यांचाच. मी मुख्य पाहुण्यांचा हार स्वतः ओवायला घेतला. असा हार मी देवीलासुद्धा क्वचित केला असेल. पिवळी शेवंती, मधे मधे गुलाब, खाली निशिगंधाचा गोंडा. फक्त गोंड्याच्या वर जी शेवटची गाठ असते, जिच्यावर सगळा हार तोललेला असतो, ती मी मारली नाही. दोऱ्याला पीळ देऊन सोडून दिला. हे पाहणाऱ्याला दिसत नाही. उचलला की दोन मिनिटं टिकतो.

तीस-चाळीस वर्षं मी गाठी मारल्या. न मारलेल्या गाठीचा आनंद मला त्या दिवशी कळला. सुनेला सांगितलं नाही. मागच्या रांगेत खुर्ची धरून बसले. मॅडमनी ताटातला हार उचलला, पाहुण्यांनी मान वाकवली, हार गळ्यात पडला आणि फोटोवाला "एक मिनिट साहेब" म्हणाला तेव्हाच गोंडा सुटला. मग शेवंती सुटली. साहेबांच्या बुटांवर, मॅडमच्या साडीवर, सगळ्या स्टेजभर. माइक चालू होता. मॅडमच्या तोंडून "अरे देवा" निघालं ते गेटपर्यंत ऐकू गेलं. लोक हसले. मी पदर तोंडाला लावला.

आणि मग मॅडमनी स्टेजवरूनच आवाज दिला. नाव घेऊन माझ्या नातीला बोलावलं. "तुमच्या घरचाच हार आहे ना, ये, उचल."

ती नाचासाठी नऊवारी नेसून बाजूला उभी होती. वाकली आणि एकेक फूल ओच्यात घ्यायला लागली. सगळी शाळा बघत होती. पुन्हा. मी खुर्ची धरून बसूनच राहिले. घरी येताना तिनं एवढंच विचारलं, "आजी, गाठ कोणी मारली होती?" मी म्हटलं, तुझ्या आईनं. हे पाप माझ्या नावावर आहे आणि ते मी सुनेला आजवर सांगितलेलं नाही. आता वाचेल तेव्हा वाचेल.

त्यानंतर मी जरा शहाणी झाले. पोरीचे डोळे तपासले, वाटलं दिसतच नसेल. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर घारीसारखी आहे, वाचायला सांगितलं की मात्र घाम फुटतो, हे डोळ्यांचं नाही. अकोल्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात अशा मुलांची तपासणी होते, तिथं न्या. मुलगा म्हणाला, वावरात तोडणी आहे. मी म्हटलं, मग मी नेते. सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत पोरगी खिडकीतून दुकानांच्या पाट्या बघत होती आणि मी तिला बघत होते. ती एकही पाटी वाचत नव्हती. दुकानाबाहेर काय टांगलं आहे ते बघून दुकान ओळखत होती. कुदळ दिसली की हार्डवेअर, टायर दिसला की पंक्चरवाला. किती बरोबर ओळखत होती म्हणून सांगू. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

अकोल्याला आम्ही तीनदा गेलो. तपासणी करणारी एक तरुण ताई होती, बोलणं आपल्याच भागातलं. तिनं पोरीला चित्रं दिली, ठोकळे दिले, आकडे उलटे म्हणायला सांगितले, गोष्ट ऐकवून प्रश्न विचारले, आणि न पाहिलेला उतारा वाचायला दिला. शेवटी मला समोर बसवलं. म्हणाली, पोरीची बुद्धी चांगली आहे, काही बाबतींत वयापेक्षा पुढं आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी तिच्या डोक्यात सहज बसत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. आळस नाही, सोंग नाही, कोणाचं पापही नाही. गोळीनं जात नाही, पण वेगळ्या पद्धतीनं शिकवलं तर ही वाचेल. मग तिनं विचारलं, घरी अभ्यास कसा घेता? मी कौतुकानं माझी सगळी पद्धत सांगितली. पोथीपासून.

तिनं पेन खाली ठेवलं.

"आजी, तुमाले पोथी पाठ होती अन् बोटानं अक्षरं सापडली. हिले तशी सापडत नाई. ही तुमच्या तोंडचं ऐकत होती. पुस्तक नुसतं हातात."

"म्हंजे तीन वर्सं मीच लपवलं?"

"लपवलं तिनं. तुमी मदत केली."

फार गोड बोलणाऱ्या माणसाचं मी विसरून जाते. हे वाक्य विसरले नाही. अकोल्याच्या स्टँडवर कचोरी घेतली ती हातात तशीच थंड झाली. मॅडमसाठी दोन महिने धार लावत होते, आणि पहिला घाव माझ्याच अंगावर निघाला. पण एक सांगते. माझी चूक कळल्यानं मॅडमवरचा राग तसूभर कमी झाला नाही. मी चुकले ते पोरीला मांडीवर घेऊन चुकले. त्यांनी तिला हाताला धरून उठवलं. दोन्ही एक नाही.

ताईनं जे शिकवलं ते आम्ही घरी सुरू केलं. पाठ करणं बंद. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा पंधरा मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नाही. एका वेळी एकच अक्षर. ते रांगोळीत बोटानं मोठं काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. जुन्या लग्नपत्रिकेला मधे खाच पाडली. ती खाच ओळीवर ठेवली की एकच शब्द दिसतो, बाकीचे शब्द डोळ्यांत घुसत नाहीत. शब्द तोडायला आम्ही आपली युक्ती काढली. कमळ म्हणायचं आणि क साठी एक शेवंती, म साठी एक, ळ साठी एक सुईत ओवायची. मग फूल फूल मोजत पुन्हा म्हणायचं. जोडाक्षर आलं की गुलाब. दुपार संपली की तो हार तसाच विकायचा. गिऱ्हाइकांना काय माहीत, ते देवाच्या गळ्यात कमळ, बदक आणि पुस्तक घालून आले.

आणि धडे मी वाचायचेच, पण आता उघडपणे. ती ऐकेल, समजून घेईल, तोंडी उत्तरं देईल. ताई म्हणाली होती, वाचता येईपर्यंत हिचं डोकं उपाशी ठेवू नका. वाचताना अडली की मी लगेच शब्द सांगायची नाही. याचा मला फार त्रास व्हायचा. तोंडावर पदर धरून बसायची. एकदा "बाजार" हा शब्द जुळवायला तिला इतका वेळ लागला की मधे दोन गिऱ्हाइकं होऊन गेली. जुळला तेव्हा तिनं वर पाहिलं नाही, लगेच पुढच्या शब्दावर खाच सरकवली.

फेब्रुवारीत अकोल्याहून कागद मिळाला. शिक्क्याचा, सहीचा, इंग्रजीत. त्यात तिला काय अडचण आहे ते होतं, आणि तिला काय द्यावं तेही. तोंडी परीक्षा, जास्तीचा वेळ, शुद्धलेखनाचे मार्क कापायचे नाहीत, सगळ्यांसमोर जबरदस्तीनं वाचायला लावायचं नाही. मुख्याध्यापकांनी तो बघितला आणि म्हणाले, नियमात आहे, देऊ. भला माणूस. मॅडम म्हणाल्या, हल्ली मार्कांसाठी लोक असे कागद आणतात. हे त्या सरांच्या खोलीत म्हणाल्या, आणि कागदावरच्या डॉक्टरी शब्दांवर त्यांची नजर अडकलेली मी पाहिली. मला वाटलं, देवी आहे बरं का आपल्या बाजूनं.

कारण चार दिवसांनी शनिवारी पालकसभा होती.

त्या सभेला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. सून नको म्हणत होती, पोरगी माझा हात धरून आली. वर्गात चाळीसेक पालक, लहान बाकांवर मोठी माणसं अडकून बसलेली. मॅडमनी सूचना संपवल्या आणि विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे? मी उभी राहिले. म्हटलं, माझ्या नातीला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं होतं. ती खोटारडी नाही हे या कागदात लिहिलं आहे. पण मी अडाणी बाई, हार ओवणारी, मला इंग्रजी येत नाही. "मॅडम, तुमीच वाचा ना जी. सगळ्यायले आयकू जाईन असं."

त्यांनी टाळायला पाहिलं. मागून एक बाप म्हणाला, वाचा ना मॅडम. मग त्यांना उभं राहावं लागलं.

पहिली ओळ वाचली. दुसरीत डॉक्टरी शब्द सुरू झाले. डिस्लेक्सिया जेमतेम निघाला. त्याच्या पुढचा शब्द त्यांनी सुरू केला, थांबल्या, पुन्हा सुरू केला. कोणीतरी हसलं. त्यांनी कागद डोळ्यांच्या जवळ नेला, मग लांब धरला. अर्धा शब्द, मग शांतता. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. हीच ती जागा होती जिथं मला त्या हव्या होत्या. हातात कागद, समोर माणसं, आणि तोंडातून काही निघत नाही. मला पाच मिनिटं हवी होती. पुरती पाच.

एक मिनिटही झालं नसेल. माझ्या बाजूनं बारीक आवाज आला.

"डिस्ग्राफिया. अन् त्याच्या पुढचं डिस्कॅल्क्युलिया, ते मले नाई, असं लिहेल हाय."

आमची पोरगी. अकोल्याच्या ताईनं कागद वाचून दाखवला तेव्हा तिनं हे शब्द ऐकले होते, एक लिहिण्याच्या अडचणीचा, एक आकड्यांच्या, आणि घरी अंगणात लंगडी घालताना एकेका घरात एकेक शब्द म्हणत उडी मारायची. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, शब्द उचलला आणि कागद शेवटपर्यंत वाचून काढला. माझा सगळा डाव एका शब्दात उधळला.

बाहेर पडल्यावर गेटापाशीच मी तिला धरलं. "काहून सांगतलं तिले? उभी राहू द्यायची ना जराशीक."

ती चपलेत बोट नीट घालत होती. म्हणाली, "तिचे कान लाल झाले होते आजी. माझे बी होतात."

 मी तिला वाटेत दह्यातला गिला वडा खायला घातला.

सोमवारपासून पोरगी आपल्या वर्गात, कोपऱ्यातून उठून आपल्या जुन्या बाकावर बसली. परीक्षा तोंडी झाली, लेखीला जास्तीचा वेळ मिळाला. पास झाली, पाचवीत गेली, दाखला काढावा लागला नाही. माझी पहिली गोष्ट झाली. मॅडमनी ना माझी माफी मागितली ना तिची. "प्रगती चांगली आहे" असं पुस्तिकेत लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात.

पण मॅडम राहतात आमच्याच भागात, आणि फुलं घेतात माझ्याकडूनच. दुसरा फुलवाला चौकापलीकडं आहे, आणि त्यांचे गुडघे दुखतात. सगळं जग फोनवरून ऑर्डर देतं. मॅडम अजून चिठ्ठी लिहून आणतात. शेवंतीचे हार दोन, तुळशीची माळ एक, गजरे पाच, दूर्वांची जुडी. आधी ती चिठ्ठी मी एका नजरेत वाचायची. आता मॅडम लांबून येताना दिसल्या की मी चष्मा काढून डब्यात ठेवते.

"डोळे लय दुखून राहिले जी. पोरगी वाचते. थांबा जरा."

पोरगी लग्नपत्रिकेची खाच घेते, चिठ्ठीवर ठेवते आणि सुरू करते. शे. वं. ती. मॅडम उन्हात उभ्या. सांगायला तोंड उघडतात, तर मी म्हणते, सांगू नका मॅडम, तिले जास्तीचा टाइम हाय, सरकारी कागद हाय. बसायला पाट आहे, तो मी पुढे करत नाही. मी ठरवलं होतं, नऊ दिवस पोरगी पहिलीत बसली, तर नऊ खेपा मॅडम उभ्या राहतील. त्याच्यानंतर विचार करू.

पहिल्या खेपेला त्या इतक्या वेळ उभ्या होत्या की एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर चारदा घेतला. मी मोजलं. दुसऱ्या खेपेलाही मन भरलं. तिसऱ्या खेपेला पोरगी "गजरे" वर अडली नाही. चौथ्या खेपेला "जुडी" एका दमात म्हणाली, आणि मला आनंद व्हावा की चिडावं हे कळेना. काल पाचवी खेप होती. मी चष्मा काढून डब्याचं झाकण लावेपर्यंत पोरीनं खाचसुद्धा घेतली नाही. चिठ्ठी हातात घेतली, ओठ हलवले आणि म्हणाली, "आजी, हार दोन, माळ एक, अन् या खेपेला गजरे नकोत." मॅडम छत्रीही बंद करायच्या आधी मोकळ्या झाल्या.

चार खेपा उरल्या आहेत. पुढच्या वेळी मॅडमना मी स्वतःच सांगणार आहे, तुमचं अक्षर फार सोपं आहे हो, जरा कठीण फुलं लिहून आणत जा.